तीन खिळ्यांचं वजन

पिपरी मेघे, वर्धा
शनिवार, ३१ डिसेंबर २००५

प्रिय श्रावण,

सप्रेम नमस्कार. तुझ्या आईला, अनुसयाबाईंना, माझा नमस्कार सांग. तुझ्या लेकीचा, मोहिनीचा, दहावीचा अभ्यास नीट चालू असेल. रोहण्याची थंडी वर्ध्याच्या थंडीपेक्षा खमकी असते असं तूच सांगायचास, तेव्हा स्वेटर घालत जा. आम्ही इकडे मजेत आहोत. पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

आधी तक्रार ऐक. माझ्यावर या वर्षअखेरीस घोर अन्याय झाला आहे. आपल्या दुकानात रंगाच्या कंपनीचा माणूस दर डिसेंबरात डायरी देऊन जातो, तुला ठाऊक आहे. यंदाची डायरी उघडली, तर रविवारला अर्धं पान! वरच्या अर्ध्यात शनिवार, खालच्या अर्ध्यात रविवार, मधे एक रेघ. भावाभावांत आंगणाची वाटणी करतात तशी. श्रावण, आठवड्याचे सहा दिवस मी खिळे, बिजागऱ्या आणि रंगाचे डबे विकतो. लेखक म्हणून जगतो तो काय एक रविवार, आणि कंपनीने त्यालाच मधोमध कापला. त्यात नवं वर्ष उद्या सुरू होतंय तेच रविवारी. २००६ सालात माझा प्रवेश लंगडी घालत होणार.

मी त्या माणसाला फैलावर घेतलं. तो थंडपणे म्हणाला, "शेटजी, रविवारले कोन का लिहिते?"

मी डायरी ठेवून घेतली. 

रीता घरी म्हणाली, "अर्ध्या पानात मावत नसन तं कमी लिहा. श्रावणभाऊ असते तं त्यायनं बरोबर बसवून देल्लं असतं." मग तिलाच काहीतरी आठवलं आणि ती कणीक मळायला निघून गेली.

असो. ते पुढे.

वर्षाचा ताळेबंद ऐक. २००५ साली मी बावीस लेख लिहिले. बावीस! तू माझे लेख उतरवून द्यायचास तेव्हा वर्षाला सात-आठ व्हायचे. आता निकेशच्या डीटीपी सेंटरमध्ये कागद टाकला की संध्याकाळी छापल्यासारखा हातात. निकेश काही विचारत नाही. काही वाचतही नाही. मी एका लेखात चुकून रीताने दिलेली किराण्याची यादी जोडली होती, त्याने तीही सुबक टाइप करून दिली. शेवटचा परिच्छेद म्हणून. संपादकाने तो लेख परत पाठवला, पण यादीबद्दल त्याची काही हरकत दिसली नाही.

तर बावीस लेख. त्यातले सोळा साभार परत. पाच ना होकार, ना नकार, लग्नाच्या स्थळासारखे लटकलेले. एक छापून आला.

तो एक कोणता, ते तुला माहीत आहे. ते पुढे.

मधल्या काळात रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी पट्टा आवळून विचारलं, "कशाचं टेन्शन घेता?" मी म्हणालो, हार्डवेअर. रीता शेजारी होती. ती म्हणाली, "खोटं बोलून राह्यले. दिवाळीपासून झोपत नाईत." डॉक्टर म्हणाले, धंदा मंदा आहे का? ती म्हणाली, धंदा बरा आहे. मग काय? तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी भिंतीवरच्या लिव्हरच्या चित्राकडे पाहिलं. गोळी सुरू झाली आहे. अर्धी. सध्या माझ्या वाट्याला सगळं अर्धंच येतंय.

आता सरळ लिहितो. बाकी सगळं लिहून झालंय, म्हणून.

एकोणनव्वद साली तू आपल्या दुकानाची पाटी रंगवलीस. 'सदाशिव हार्डवेअर', पिवळ्यावर लाल, खाली निळी सावली. बाबा हयात होते. ते रस्त्यापलीकडे जाऊन पाहून आले आणि म्हणाले, "दुकानापेक्षा पाटी मोठ्या घरची दिसते." तू खालच्या कोपऱ्यात बोटभर जागेत 'श्रावण पेंटर' असं लिहिलं होतंस. मी तेव्हा तिशीतला शहाणा. म्हटलं, दुकान आमचं का तुझं? पूस ते. तू टर्पेंटाइनचा बोळा घेतलास आणि पुसताना इतकंच म्हणालास, "पेंटरचं नाव खालच्या कोपऱ्यात, लहान अक्षरात अस्ते, भाऊ. वाचत कोनीच नाई." त्याच आठवड्यात मी तुला माझा पहिला लेख उतरवून द्यायला लावला. माझं अक्षर संपादकाला लागत नव्हतं आणि तुझं लागायचं. लाज कशी ती नव्हतीच.

पुढची पंधरा वर्षं तू रविवारी दुपारी दुकानाचं अर्धं शटर वर करून स्टुलावर बसायचास आणि माझे लेख उतरवायचास. झालं की पाकीट खिळ्यांच्या तराजूत. एका पारड्यात चार इंची तीन खिळे, दुसऱ्यात लेख. तीन खिळ्यांच्या वर गेलं की टपालाचं तिकीट वाढायचं. पारडं खाली गेलं की तू म्हणायचास, "भाऊ, वजन वाढून राह्यलं." मी म्हणायचो, "मग लहान अक्षरात लिही." तू "हो" म्हणून पुन्हा उतरवायचास आणि दुसऱ्या खेपेला लेख बरोबर तीन खिळ्यांत बसायचा. मला वाटायचं, काय अक्षराची कमाल आहे!

छापून आलेल्या लेखात कधीकधी माझी आवडती वाक्यं नसायची. मी संपादकांच्या नावाने बोटं मोडायचो. एकाला तर खरमरीत पत्र लिहिलं. त्याचं कार्ड आलं: 'आपल्या लेखातील एक अक्षरही आम्ही गाळलेले नाही.' ते कार्ड मी तुलाच दाखवलं. बघ, कसा धडधडीत खोटं बोलतो! तू कार्ड उलटंपालटं करून पाहिलंस आणि म्हणालास, "संपादक लोकं असेच अस्ते, भाऊ."

तेव्हा तुझ्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. अट्टल माणूस आहेस.

मग या वर्षीची संक्रांत. तू दुकानाच्या पायरीवर बसून उजवा हात पुढे केलास. बोटं हलत होती, वाऱ्यावर पान हलावं तेवढीच. म्हणालास, "हात हलून राह्यला, भाऊ. काठीचा टेका देतो न् मोठे अक्षरं काढून घेतो. पन कोनाले सांगू नका. काम बंद होईन." मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. शपथही घेतली असेल, मला अशा वेळी शपथा सुचतात. पुढच्या रविवारपासून मी लेख निकेशकडे न्यायला लागलो. तुझ्या हाताला आराम, असं सगळ्यांना सांगितलं. खरं असं की वाकड्या अक्षरातला लेख पाठवायची मला लाज वाटली. जूनमध्ये दुकानावर फ्लेक्स चढवला. तू पाहिलास आणि "रंग भडक आहे" एवढंच म्हणालास.

आता तो लेख. 'फ्लेक्सपुराण'. मला वाटलं, मी फ्लेक्सची थट्टा करतोय. लिहिता लिहिता हाताला खुमखुमी आली आणि ते वाक्य उतरलं. मी ते इथे पुन्हा लिहितो, कारण एकदा तरी ते मला माझ्या हाताने तुझ्यासमोर लिहायला हवं: 'आमच्या गावचा पेंटर सरळ रेघ ओढायला बसला, की वर्धा नदीचा नकाशा निघतो.'

सांगितलं मी कुणालाच नाही. छापलं.

मला ते वाक्य आवडलं होतं, श्रावण. दुकानात मी ते चार जणांना मोठ्याने वाचून दाखवलं. चौघंही हसले. त्यांतला एक पतसंस्थेचा मॅनेजर होता. त्याने तुझं पाटीचं काम काढून घेतलं, हे मला त्यानेच नंतर सांगितलं, जणू मी त्याला वेळेवर सावध केलं म्हणून आभार मानत होता. आणि शाळेत पोरींनी मोहिनीच्या वहीवर निळ्या पेनाने नदी काढून ठेवली, ते रीताला बाजारात कळलं. त्या दिवशी रीताने मला जेवायला वाढलं, पण ती माझ्यासोबत बसली नाही.

भाऊबीज झाली आणि तू दुकानात आलास. स्टूल समोर होता. बसला नाहीस. म्हणालास, "वाचलं. नदी चांगली काढली, भाऊ."

मी काहीतरी बोलायला लागलो. विनोद आहे, लोकांना कळतं, असलं काहीतरी.

तू तराजूकडे पाहिलंस. "लेख पाठवताना वजन करून पाह्यलं होतं का?"

मी म्हणालो, "आता कुरिअरने पाठवतो. वजनाचा प्रश्न नाही."

मी हे खरोखर म्हणालो. तू मान हलवलीस आणि गेलास. आठवड्याने कळलं, सिंदी मेघेची खोली सोडून तू घरच्यांना घेऊन रोहण्याला गेलास.

मागच्या रविवारी आजवर किती लिहिलं याची मोजदाद करायला मी ट्रंक काढली. वर्षअखेरीस माणसाला असले झटके येतात. तू परत दिलेले माझे कच्चे कागद त्यात होते, आणि छापून आलेले अंक. शेजारी शेजारी ठेवले. कच्च्या कागदावर काही वाक्यांखाली पेन्सिलीची रेघ होती, अगदी बारीक, पाटीवर अक्षर आखताना तू मारतोस तशी. ती सगळी वाक्यं छापलेल्या लेखातून गायब.

शेजारच्या नत्थूजींवरचा लेख आठवतो? दुसऱ्याचा पेपर वाचणाऱ्या माणसावरचा? तो छापून आला तेव्हा नत्थूजी स्वतः अंक आणि आलूबोंडे घेऊन आले होते. "माह्यावर लेख लिहिला बे कोनी तं पह्यल्यांदा," असं म्हणत डोळे पुसून हसत होते. कच्च्या कागदावर मी त्यांच्या घर सोडून गेलेल्या पोरावर एक ओळ लिहिली होती. चमकदार ओळ होती. तिच्याखाली तुझी रेघ आहे. ती ओळ छापली गेली असती तर त्या माणसाने पुन्हा आमच्या दारात पाय ठेवला नसता, आणि मला ते का, हेही कळलं नसतं.

अशा एकतीस रेघा सापडल्या. पंधरा वर्षांत एकतीस माणसं तू माझ्या तावडीतून सोडवलीस. 'लेखणीला धार आहे, पण ओरखडा काढत नाही' असं माझ्याबद्दल एकाने लिहिलं होतं. ते कात्रण मी फ्रेम करून गल्ल्यावर लावलं आहे. माझ्या नावाने.

बत्तिसावी रेघ मारायला कोणी नव्हतं, आणि तो माणूस तूच निघालास.

तू मला आधीच तोंडावर का सांगितलं नाहीस? हे विचारायचा मला अधिकार नाही, तरी विचारतो. मला उत्तरही ठाऊक आहे. तू सांगितलं असतंस तर मी म्हणालो असतो, लेख माझा का तुझा?

माफी मागायला बसलो तर मला लगेच नटवं वाक्य सुचतं, म्हणून मागत नाही. मॅनेजरकडे मात्र जाऊन आलो. चौघांपुढे वाचलं होतं म्हणून त्याच्या ऑफिसातही चौघांपुढेच बोललो: ते वाक्य नीच होतं, ते माझं होतं, आणि श्रावणने काठीचा टेका देऊन काढलेली पाटी तुमच्या फ्लेक्सच्या दहा वर्षं पुढे टिकेल. तो म्हणाला, बघू. 'बघू'चा अर्थ तुला कळतो, मी सजवून सांगत नाही.

हे पत्र मी स्वतः उतरवून काढलं आहे, तीनदा. डावीकडे मोठा समास सोडलाय. पेन्सिल घे आणि जे वजनाला जास्त वाटेल त्याखाली रेघ मार. कागद परत पाठवलास तर ठेवून घेईन. नाही पाठवलास तरी तुझा स्टूल आहे तिथेच आहे. परवा एक गिऱ्हाईक त्यावर बसायला लागलं, तर रीता त्याला म्हणाली, "त्यावर नका बसू." का, ते तिने सांगितलं नाही.

एक राहिलं. आज दुपारी मी शिडी लावून फ्लेक्स उतरवला. सहा महिन्यांत त्याचा लाल रंग गुलाबी झाला होता. मागच्या गोदामातली तुझी पाटी काढली, धुतली, वर चढवली. सोळा वर्षांनी निळी सावली अजून निळीच आहे. मग चार नंबरचा ब्रश घेतला आणि खालच्या कोपऱ्यात, तू पुसलं होतंस तिथेच, लिहिलं: श्रावण पेंटर. आधी पट्टीने आखून घेतलं होतं. हात माझा धडधाकट आहे. तरी शिरोरेघ सरळ आली नाही, 'श्रा'पासून निघाली ती 'पेंटर'पर्यंत तीन वळणं घेत गेली. पुसली नाही. रस्त्यापलीकडे जाऊन पाहिली. तिथूनही नाव वाचता येतं.

खालच्या कोपऱ्यात, लहान अक्षरात,
भूपेंद्र