बर्फाच्या पेटीवरचा लॅपटॉप

६ मे
लॅपटॉप पुन्हा बंद पडला. आज तिसऱ्यांदा. दहा मिनिटं झाले नाही की पंखा आतल्या आत बोंबलते, खालून तवा होते, अन् धप्पकन अंधार.
आमच्या मच्छीमार सोसायटीच्या एकसष्ट सभासदायचे कागद त्याच्यातच. तळ्याचा पाच वर्साचा पट्टा पुन्हा पाहिजे तर एकेकाचा फॉर्म त्याच्यावरच भराचा, कागद जोडाचे, अन् सगळे झाले की एकदाच पाठवाचे. मुदत २१ तारीख. नाही गेलं तर तळं लिलावात. नागपूरचा ठेकेदार दोनदा तळ्याच्या पाळीवर, बांधावरच, गाडी उभी करून पाहून गेला. मंग आमचेच लोक आमच्याच तळ्यात त्याचे मजूर.
भरून झाले नऊ.
घरचे, माझे मालक, म्हणे, "जाळं फाटलं तर शिवता येते. याचं काय करतं वं तू?"
काय करतो! माझं डोस्कं करतो.

८ मे
उन्हानं तापत असन म्हणून पायटे बसली. गार हवा, तरीई तेच.
तुमसरच्या अश्विनले फोन केला. कंप्युटरचं दुकान आहे त्याचं. त्यानं एक खिडकी उघडाले लावली, त्यात कोणतं काम मशीनले किती खाऊन राहिलं ते दिसते. सीपीयू शंभर टक्के! अन् जवळपास सगळं त्या सुरक्षावाल्या सॉफ्टवेअरचं. एकेक कागद तपासते, संपले की पुन्हा पहिल्यापासून.
"ताई, तुमचा राखणदारच खाऊन राहिला."
आमच्या तळ्याले एक राखणदार होता. चोर त्याले कधी सापडला नाही, मोठी रोहू मात्र त्याच्याच घरी शिजे. त्याले काढून तरी टाकता आलं. हे बंद कराले गेली तर पासवर्ड मागतला. पासवर्ड त्या संस्थेच्या सरांजवळ, ज्यायनं भंडाऱ्याच्या ट्रेनिंगमध्ये लॅपटॉप देल्ला.

९ मे
संस्थेत फोन. बाई म्हणाल्या, "ते सर आता इथे नाहीत. तुम्ही मेल करा."
मेल कराचा कशावरून? त्याच्यावरूनच ना! बंद पडाच्या आत दोन ओळी लिहून पाठवल्या. लगेच उत्तर आलं. खूश झाली, तर ते आपोआप येणारं. आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे.
नोंदवा माय, नोंदवा.

११ मे
आंधळगाववरून तुमसर, बसमध्ये मांडीवर लॅपटॉप. अश्विन म्हणे, सगळं पुसून नवीन टाकतो, आधी कागद पेनड्राइववर काढू. पेनड्राइव लावला तर सॉफ्टवेअर म्हणते, परवानगी नाही. मेलनं काढाले गेलो तर अर्ध्यात बंद. चोर आत येऊ नये म्हणून आमालेच भाईर ठेवलं.
कागद पुन्हा गोळा करू म्हटलं, तर अर्धे लोक आंबागडच्या जंगलात तेंदूपत्त्याले गेले. मूळ कागद मत्स्य कार्यालयात जमा. पावती आहे माझ्याजवळ. पावतीचं काय लोणचं घालू?
अश्विननं खालची जाळी ब्रशनं साफ केली. त्यातून मासोळीचं एक खवलं निघालं. तो हासला. मलेई हासू आलं. मंग तिथंच रडू आलं, दुकानात, लोकायसमोर. लाज वाटली.

१४ मे
घरच्यायची अक्कल! मासोळीच्या थर्माकोल पेटीत बर्फ भरला, वरून जर्मनची परात, परातीवर लॅपटॉप. मी म्हटलं, मशीन आहे का बोयर मासोळी? पण चाललं नं बाप्पा. चाळीस मिनिटं एकसारखं.
एकतीस झाले!
यादी वाट्यासारखीच केली. मासोळीचे वाटे पाडणारा आपला वाटा शेवटी उचलते. म्हणून एकट्या बाया पहिले, मंग बाकीचे, अन् आखरीले अध्यक्ष दौलतमामा, माझे मोठे भासरे, म्हणजे घरच्यायचे भाऊ, अन् घरचे. मी सचिव. सचिवानं आपल्या घराचे नावं वर घातले असं कोणी म्हणू नये.

१६ मे
एकोणपन्नास. मंग परातीले घाम सुटला. मी फॉर्मात गुंग, पाहिलंच नाही. कपड्यानं पुसाले उचलला तर खालून थेंब पडून राहिले. पडदा थरथरला, गेला.
पंख्यासमोर पालथा करून ठेवला. खोलीभर मासोळीचा वास. घरचे कोपऱ्यात बसले होते. मलेच राग आला, म्हटलं, "बोला नं काही!"
"काय बोलू? बर्फ तर मीच आणला."

१८ मे
दोन दिवस वाळवला. चालू झाला, पण सगळ्यात पहिले तेच उठलं. हिरवी खूण, खाली लिहिलं, आपला संगणक सुरक्षित आहे. मंग तपासणी, मंग तवा, मंग अंधार.
संस्थेचा मेल आला एकदाचा. पासवर्डसाठी अध्यक्षाच्या सहीचा लेखी अर्ज, लॅपटॉप मिळाल्याचं पत्र, सात दिवस. सात दिवस मोजले. पंचवीस तारीख येते. तरीई अर्ज धाडला.
संध्याकाळी पाळीवर बैठक. लोक मलेच पाहून राहिले. कमलाबाई म्हणे, "पुष्पा, तू बारावी झाली म्हणून तुह्या हातात देल्लं नं?" माझ्याच हातात होतं. दौलतमामा मधात पडले, "तिचा का दोष आहे? तापते ते मशीन आहे, पोरगी नाही."

२० मे
दिवसभर दहा मिनिटं काम, अर्धा तास थंड. बर्फाची हिंमत नाही. ओली फडकी खिडकीले, पंखा समोर.
अठ्ठावन्न. राहिले तिघं. मामा, भासरे, घरचे.

२१ मे
सकाळपासून दोनच मिनिटं चालते. पहिलं नाव मामाचं. आधार जोडाच्या आत बंद. पुन्हा. पुन्हा. नऊदा केलं.
चारले घरच्यायले सांगतलं, पाचले मुदत संपते. अठ्ठावन्नच पाठवता येते, पण ज्याचं नाव राहिलं त्याचा पाच वर्स तळ्यावर हक्क नाही. थांबलो तर सगळ्यायचंच जाईन.
ते परातीकडं पाहत बसले. मंग म्हणे, "मामाले विचार."
मामा म्हणे, "वाटे पाडताना कमी पडलं तर कोणाचं कमी पडते? पाठव बाई."
भासरे उठून गेले.
पावणेपाच. बटन दाबलं. चाक फिरलं. फिरलं. फिरलं. अंधार.
थंड होऊन पुन्हा लावला तर फॉर्म कुठंच नाही. भरलेलेई नाही, राहिलेलेई नाही. हिरवी खूण तेवढी. आपला संगणक सुरक्षित आहे.
कार्यालयात फोन केला. म्हणे, मिळालं असेल तर मेसेज येईल.
"अन् नाही मिळालं तर?"
"तर येणार नाही."

२२ मे
मेसेज नाही.
घरचे रोज मले न सांगता तळ्यावर जातात. एवढे वर्सं झाले, कधी विचारलं नाही. आज जाळं खांद्यावर घेऊन दारात उभे.
"जाऊ का वं?"
फोन पाहिला. पुन्हा पाहिला. अर्ज पोचला असन तर त्यात त्यायचं नाव नाही, नसन पोचला तर तळंच आमचं नाही. हौ म्हणू कशी, नाही म्हणू कशी. म्हटलं, थांबा जरासे, अन् ही वही घेतली.
ते अजून उभेच आहेत.