ड्युटी कमी झालीच पाहिजे!

नावडे, रविवार

ती. धर्मराज मामांना,

रूपेशचा वाकून नमस्कार. तुमची शुगर, मामींची कंबर आणि सोनलच्या लग्नाचा मांडव, तिघांचीही खुशाली कळवा. (शुगरचं खरं सांगा. मागच्या वेळी "नॉर्मल हाय" म्हणालात आणि फोनवर मला जिलेबीचा कुरकुर आवाज येत होता.) यावेळी मुद्दाम फोन केला नाही, कारण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि अख्खा दिघा ऐकतो. आमच्या डिस्पॅचमधली संघप्रिया तुमच्या मागच्याच गल्लीत राहते, तिच्या हाती पत्र देतोय.

तर मामा, सोनलच्या हळदीला मी येणार म्हणजे येणारच! मामाच्या मुलीच्या हळदीत भाचा नाचला नाही, तर आगऱ्यांत तोंड कुठे दाखवायचं? अडचण एकच, ड्युटी. आमचा तळोज्याचा कारखाना बिजागऱ्यांचा, ड्युटी बारा तासांची, आणि रजा मागितली की सेठ असे बघतात जसा काही मी त्यांच्या बंगल्याचा दरवाजा उचकटून मागितलाय. असा मी हताश बसलेलो असताना देव पावला. गेटवर श्रुती मॅडम आल्या. गळ्यात पट्टा, हातात टॅब, कुठल्याशा 'मुक्त व्यापार ग्राहक मंचा'च्या. म्हणाल्या, ड्युटीमुळे सामान्य माणूस पिचून गेलाय, सरकारने ड्युटी कमी केलीच पाहिजे. मामा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! इतकी वर्षं काम करतोय, पण माझ्या मनातलं बोलणारी ही पहिलीच बाई. मी भीत भीत विचारलं, आठवर आणता येईल का? म्हणाल्या, आपण झिरो मागायची, म्हणजे आठ पदरात पडेल. काही ठिकाणी तर वीस आहे, म्हणाल्या. वीस! (ती माणसं आंघोळ कधी करतात?) म्हणे जगभर ड्युटी काढत चालले आहेत, त्यालाच मुक्त व्यापार म्हणतात. मी म्हटलं, मुक्त व्हायला आम्ही एका पायावर तयार आहोत.

मग काय! साप्ताहिक सुट्टी होती, एसी बसने आम्हाला वाशीच्या एका हॉलमध्ये नेलं. व्यासपीठावर दिल्लीहून ड्युटीच्या सुनावणीला आलेले मोठे साहेब. माझा नंबर आला आणि अंगात काय संचारलं देव जाणे. "साहेब, ड्युटीनं मानूस मरतंय! घरची पोरा बापाला वलखत नाय! ड्युटी काढून टाका, मंग बगा कशी भरभराट होतंय ती!" हॉलभर टाळ्या, श्रुती मॅडमनी तर अंगठा दाखवला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक गृहस्थ तडकन उठले आणि ओरडले, की ड्युटी गेली तर माझा कारखाना बंद पडेल. बघतो तर आमचेच सेठ! मी मनात म्हटलं, तुमच्या पोटात दुखणारच. आणि खुर्चीवर चढून घोषणाच सुरू केली, "ड्युटी कमी झालीच पाहिजे!" सेठ डोक्याला हात लावून खाली बसले.

सेठांच्या फायली सांभाळायला संघप्रिया आली होती. तिने मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "अरे येड्या, ही आपली ड्युटी नाय! बाहेरच्या देशातून माल येतो ना, त्याच्यावर सरकार लावतं ती ड्युटी. ती गेली की बाहेरची बिजागरी आपल्याहून स्वस्त. मग कारखान्याला टाळं, आणि तुझी ड्युटी खरंच झिरो!" म्हणजे ही जकात होती! मामा, मराठीत एवढा स्वच्छ शब्द पडलेला असताना या शिकलेल्या लोकांना तो वापरायला काय झालं होतं?

आता नोकरी गेली, असं धरूनच मी सेठांसमोर उभा राहिलो. पण सेठ पक्के व्यापारी. म्हणाले, तुझा आवाज चांगला आहे, उद्या माझ्याकडून बोल, हळदीची रजा दिली! दुसऱ्या दिवशी त्याच हॉलमध्ये त्याच साहेबांसमोर मी "ड्युटी वाढवा!" म्हणून गर्जना केली. (तोंडातून निघता निघेना, पण सोनलची हळद डोळ्यांसमोर आणली.) साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, काल तर तुम्ही उलट बोललात. मी म्हटलं, काल मी ग्राहक होतो, आज कामगार आहे. साहेबांनी ते लिहूनसुद्धा घेतलं! आणि खरं सांगू का, यात खोटं काही नव्हतं. दाराला स्वस्त बिजागरी मलाही हवी आणि पगारही हवाच. असो. रजा मिळाली, मी येतोय, डीजेवाल्याला सांगून ठेवा!

मामींना नमस्कार, सोनलला चिडवणं.

तुमचा भाचा,
रूपेश

ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत निकालाची कुणकुण लागली. आम्ही हॉलमध्ये घसे फोडत होतो, तेव्हा सेठ आणि मंचाचे मालक शेजारच्या खोलीत मोठ्या साहेबांबरोबर चहा पीत होते. बिजागरीवरची ड्युटी वाढणार, स्क्रूवरची जाणार. मंचवाले बाहेरून स्क्रू आणणार आणि आमचे सेठ ते घेणार. सगळे खूश. ऑर्डरी आत्तापासूनच वाढल्यात, म्हणून आमची ड्युटी चौदा तासांवर गेली आणि रजा रद्द झाली.

ता. ता. क. : तरीही मी येतोय. सेठ लग्नाला रजा देत नाहीत, पण मयताला नाही म्हणत नाहीत. त्यामुळे मामा, तुम्ही काल सकाळी गेलात. रागावू नका, खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. फक्त एक झालंय. सेठ मनाने हळवे निघाले, हळदीच्या दिवशी संध्याकाळी ते तुमच्याकडे जातीने सांत्वनाला येणार आहेत. तेवढा वेळ डीजे बंद ठेवून तुम्ही माडीवर बसा, आणि मांडवातला एक हार तुमच्या फोटोला घाला. मामींना मात्र आधीच बजावून ठेवा, नाहीतर सेठांसमोर त्यांना हसू आवरायचं नाही.