थोरला सापडला

सोमवार, ३ फेब्रुवारी
बोलतेय गं टॅबबाई, घे लिहून! नात म्हणाली, "आजी, तू नुसतं बोल, हा टॅब लिहील. हवं तेव्हा वाचूनही दाखवील." मला अक्षरओळख नाही. म्हणजे माझी रोजनिशी मीसुद्धा चोरून वाचू शकत नाही — एवढी खासगी कुणाची असेल!

मंगळवार, ४ फेब्रुवारी
आज काय गंमत! एका चित्रावर बोट पडलं आणि तू बोललीस, "प्रिंटर शोधत आहे." मग — "थोरला सापडला." अगं, थोरला लेक तर खाली स्टुडिओत! नात हसून हसून गादीवर लोळली. खालच्या फोटो छापायच्या यंत्राचंच नाव म्हणे थोरला. दोन भावांची दोन यंत्रं होती, नावंही तशीच ठेवलेली.
"याला काही शिकवावं लागत नाही, आजी. टॅब घरातल्या वाय-फायवर हाक मारतो, कोण कोण आहे? जे असेल ते आपणहून नाव सांगतं. काय काम येतं तेही सांगतं."
ना रुसवा, ना मानपान! माझ्या पोटच्यांना हे कुणी शिकवावं?

बुधवार, ५ फेब्रुवारी
दिवसभर तोच खेळ. थोरला सापडला. परत थोरला सापडला. धाकटा नाही. कसा सापडेल? आठ महिन्यांपूर्वी तो आपलं यंत्र उचलून दोन गल्ल्या पलीकडं गेला. कारण काय, तर एका लग्नाच्या अल्बमात नवरी हिरवी आली! हा म्हणतो रंग तू बिघडवलेस, तो म्हणतो शाई तू भरलीस. नवरी केव्हाच संसाराला लागली. हे दोघे अजून अल्बमातच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
तुलाच सांगते. धाकट्याकडं गेले की तो लेन्स पुसत पुसत विचारतो, "दादाची कंबर कशी आहे? मी विचारलं म्हणू नकोस, माझी शप्पथ." घरी आले की थोरला वर्तमानपत्राआडून, "गिऱ्हाईक असतं का तिकडं? सहज विचारलं. सांगू नकोस हं, माझी शप्पथ."
दोघांच्या शपथा पोटात घेऊन हिंडतेय, आत ढकलाढकली चाललीय. बोलावं, तर ज्याची मोडली तो माझ्याशीही अबोला धरेल. न बोलावं, तर हे दोघे असेच म्हातारे होतील.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
मेले मी! "थोरला सापडला" म्हणालीस म्हणून आपलं लाडानं टिचकी मारली — खाली घुर्र घुर्र! सून धापा टाकत वर. "आई, काय पाठवलंत हे? खाली पासपोर्टच्या फोटोला सहा जण बसलेत!"
"काय आलं गं?"
"कालचं पान! कंबर, गिऱ्हाईक, शपथा, सगळं. तेही चकचकीत फोटोच्या कागदावर!"
"त्यानं वाचलं?"
"दोनदा वाचलं यांनी." आणि मेली ओठ दाबून हसत होती.

शनिवार, ८ फेब्रुवारी
थोरला धड जेवला नाही. मी म्हटलं, "अरे, मला काय कळतं काय छापलं ते!" तर, "आई, शोभतं का हे?" बस. ताट सारून खाली गेला.

रविवार, ९ फेब्रुवारी
तो गप्प. मी गप्प. तूही गप्प बस.

सोमवार, १० फेब्रुवारी
चित्रावर बोट ठेवलं. "प्रिंटर सापडला नाही." पुन्हा ठेवलं. "सापडला नाही." बिघडवलं की काय मी! सुनेला हाका मारल्या, तर ही बाई जिन्यात बसून हसतेय.
"सापडेल कसा, आई? सकाळीच यंत्र हातगाडीवर घालून हे स्वतः ढकलत गेलेत धाकट्या भावोजींकडं. अर्ध्या वाटेवर भावोजी धावत आले म्हणे — दादा, कंबर सांभाळ, तू हो बाजूला!"
सापडला नाही! सापडला नाही! पाच वेळा म्हणायला लावलं तुला. अजून एकदा म्हण गं.