तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

१९ सप्टेंबर, सोमवार

प्रिय कोरिन,

कशी आहेस? मी बरी आहे. गुडघा दुखायचा तेवढा दुखतो, बाकी तक्रार नाही. तुमच्या अ‍ॅरिझोनात अजून उकाडा असेल. इथे मिनेसोटात सकाळी तळ्यावर धुकं धरायला लागलंय आणि दारातल्या मेपलची एक फांदी घाई करून लाल झालीय. दोन वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे आपण एकमेकींना काही लिहिलं नाही. तेव्हा एवढं जाड पाकीट बघून तुला वाटेल, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. घर विकायला काढलंय.

हॅलवर गेल्यापासून ब्रेंटचं टुमणं चालूच होतं. "आई, बाबा होते तोवर ठीक. आता त्या सपाट छपरावरचा बर्फ कोण उतरवणार?" मी म्हटलं, मी. मागच्या हिवाळ्यात मी फावडं घेऊन शिडीवर चढले होते, ते शेजाऱ्यांनी त्याच्या कानावर घातलंय. या गावात काही म्हणून लपत नाही. तर विकायचं ठरलं. विकल्यावर मी कुठे जायचं हे मात्र ठरलं नाही. पोरगा रोज फोनवर विचारतो आणि मी रोज म्हणते, बघू.

एजंटने मिनिआपोलिसहून एक बाई पाठवली, पेज नावाची. विकायची घरं सजवून मांडणं हाच तिचा धंदा. काळे कपडे, काळा चष्मा, मला वाटलं दफनविधीचं बघणारी आली. आत आली आणि छातीवर हात ठेवून उभी राहिली. "अगं बाई! सत्तावन्न सालचं आणि काहीच बदललेलं नाही!" मी म्हटलं, बदलायला सवड झाली नाही. तिला तळ्याकडची जमिनीपासून छतापर्यंतची काच आवडली, देवदाराच्या फळ्यांच्या भिंती आवडल्या, न्हाणीघरातल्या गुलाबी फरशाही आवडल्या. ज्या घराला गावाने तेव्हा 'हॅलवरचा पेट्रोल पंप' म्हणून नावं ठेवली, त्यावर आता शहरातली माणसं जीव टाकतात म्हणे.

मग तिने हॅलवरचा भिंतीवरचा मासा उतरवला. आजीच्या नॉर्वेच्या रंगीत थाळ्या, फ्रीजवरची नातवंडं, हॅलवरची आरामखुर्ची, सगळं खोक्यांत भरून गॅरेजमध्ये गेलं. "बघायला येणाऱ्याला इथे त्याचा संसार दिसला पाहिजे. तुमचा नको," ती म्हणाली. गोड बोलते, पण काम करते वरवंटा फिरवल्यासारखं. आणि तिने भाड्याने काय आणलं असेल? बारीक पायांच्या त्या लाकडी खुर्च्या! तशाच, ज्यांच्यावर बसून तुझे पाय बधिर व्हायचे. आम्ही त्या 'फुकट न्या' अशी पाटी लावून रस्त्याकडेला ठेवल्या होत्या, तरी कित्येक दिवस कोणी हात लावला नव्हता. आता त्याच परत आल्यात, भाड्याने.

रस्त्याकडच्या दाराशी तिने नवं पायपुसणं आणि शेवंतीच्या कुंड्या मांडल्या. त्या दाराने फक्त गॅसवाला येतो हे तिला कोण सांगणार? तळ्याची बाजू म्हणजे घराचा पुढचा भाग, हे तळ्यावर न राहिलेल्यांना कळतच नाही.

आता मी या घरात पाहुणीसारखी राहते. दात घासायचा ब्रश ड्रॉवरमध्ये, टॉवेल वापरायचे ते वेगळे आणि दिसायचे ते वेगळे. टेबलावर हिरव्या सफरचंदांचा वाडगा आहे, त्यातलं खायचं नाही. मी एक खाल्लं. पेजने आल्याबरोबर ओळखलं. "एक कमी आहे." मी म्हटलं, उंदराने नेलं असेल. बिचारीचा चेहरा पांढराफटक पडला. मग खरं सांगावं लागलं.

घर दिसतं मात्र सुरेख. परवा संध्याकाळी मी त्या खुर्चीत बसून बघत होते. उन्हाची तिरीप पार भिंतीपर्यंत आली होती. वाटलं, इथे राहणारीला काही काळजी नसणार. मग आठवलं, इथे मीच राहते.

आता खरी गंमत. बघायला माणसं येणार तेव्हा मालकिणीने घरात थांबायचं नाही, असा नियम आहे. चर्चच्या आवारात गाडी लावून बसायचं. मी बसले, दोनदा बसले. तिसऱ्या खेपेला माझ्याने राहवेना. माणसं घरात आलीत आणि त्यांना कॉफी विचारायला कोणी नाही! आई असती तर तिने मला घराबाहेर काढलं असतं. मी लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन तळ्याकडच्या दाराने आत गेले. टेक्सासचं जोडपं होतं. तो धिप्पाड, ती जरा नाजूक, दोघं काचेसमोर तळं बघत उभी. मी कॉफी टाकली. एजंट माझ्याकडे असा बघत होता, की नजरेनेच मला पुन्हा चर्चच्या आवारात पोचवलं असतं. पण वडी घेतली त्याने.

मग तो टेक्सासवाला म्हणाला, "मॅडम, घर आम्हाला फार आवडलं. घेऊनच टाकतो. काय म्हणता?"

मी म्हटलं, "छे हो! कशाला? जुनं घर आहे. थंडीत काचेतून गारवा येतो. तुम्हाला आणखी चांगली मिळतील."

त्याने बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला. कप खाली ठेवला तिने, अर्धा प्यालेला. "बरं. कॉफीबद्दल आभार," म्हणाली, आणि दोघं निघून गेली. मी वडीचा डबा हातात धरून उभी. मला वाटलं होतं, आता पुन्हा विचारतील.

संध्याकाळी ब्रेंट फोनवर ओरडत होता. "आई! तू गिऱ्हाइकाला नाही म्हणालीस?"

"ते पहिल्या वेळचं नाही होतं रे," मी म्हटलं. "त्याने विचारायला नको का पुन्हा?"

"ती टेक्सासची माणसं आहेत, आई! तिकडे नाही म्हणजे नाही!"

कोरिन, गेल्या महिन्यातही मी तुला घराच्या बातम्या कळवायला एक पत्र सुरू केलं होतं आणि दोन पानांवर थांबले होते. त्या संध्याकाळनंतर ते फाडून टाकलं. तेव्हा नुसत्या बातम्या कळवायच्या होत्या, आता ते पुरेसं नाही.

टेक्सासच्या त्या बाईसारखा उतरलेला चेहरा मी आधी पाहिला होता. हॅलवरच्या दफनानंतर, चर्चच्या तळघरात. तू हॅम सँडविचची थाळी धरून उभी होतीस. म्हणालीस, "अर्लिस, माझ्याकडे येऊन राहा. माझी मागची खोली रिकामीच आहे." आणि मी म्हटलं, "नको गं, तुला कशाला उगाच त्रास." तुझा चेहरा असाच उतरला. तू थाळी खाली ठेवलीस. आणि रविवारपर्यंत राहणार होतीस ती शुक्रवारीच विमानतळावर गेलीस.

मी तुझ्यावर रागावले होते. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, जगाला दाखवण्यापुरतं विचारलं हिने. मनापासून विचारणारी माणसं तीनदा विचारतात. आपल्याकडे पाहुणा पोटात कावळे ओरडत असले तरी दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा म्हणतो, बरं, अर्धा कप. तू याच गावात वाढलीस, याच तळ्यात पोहायला शिकलीस, तुला हे ठाऊक नव्हतं? पण तीस वर्षं तिकडे राहिल्यावर माणूस विसरत असेल. तुला माझा नकार खरा वाटला असेल. तुलाही वाटलं असेल, हिला मी नकोच आहे. कार्डावर नुसतं नाव छापलेलं यायचं तुझं. मीही नुसतं नाव छापून पाठवत होते.

ब्रेंटने त्या जोडप्याला गाठून सगळं समजावलं. ती बाई पोट धरून हसली म्हणे, आणि त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी मी गप्प बसले, एजंटने मला बोलूच दिलं नाही. ऑक्टोबरअखेर किल्ल्या द्यायच्यात. घर ठेवणार आहेत ती, पाडणार नाहीत.

ब्रेंटने पुन्हा विचारलं, कुठे जाणार. त्याच्या तळघरात एक खोली आहे, खिडकी हातभर. गावात म्हाताऱ्यांसाठी ते नवं बांधलंय, तिथे संध्याकाळी पाचला जेवण देतात. मी म्हटलं, कोरिनकडे जाते. तो म्हणाला, "मावशीला विचारलंस?" मी म्हटलं, "तिनेच विचारलंय." हे दोन वर्षांपूर्वीचं आहे, ते नाही सांगितलं. म्हणजे पोराशी मी खोटं बोललेय, आणि ते खरं करणं तुझ्या हातात आहे.

मला भीती वाटते, कोरिन. घर जाण्याची नाही. त्याला टेक्सासवाली नीट सांभाळतील. मला भीती वाटते की तू वाचशील, घडी घालशील आणि विनम्रपणे काहीतरी लिहून पाठवशील. मला तुझी फार आठवण येते. आईसारखं शिंकतेस तू, ते ऐकायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आडवळण न घेता विचारते. मी तुझ्याकडे राहायला येऊ का? तू नाही म्हणालीस, तर मी पुन्हा विचारेन. तरी नाही म्हणालीस, तर पुन्हा विचारेन. तीनदा विचारल्याशिवाय मी तुझा नकार खरा मानणार नाही.

उत्तराची वाट बघणारी
तुझी बहीण,
अर्लिस