विमान डावीकडे वळतं तेव्हा

३ नोव्हेंबर, रविवार
विमान आलं! खोकं उघडताना ही म्हणाली, "घरात लहान मूल नाही, कुणासाठी मागवलंय हे?" माझ्यासाठीच. बत्तीस वर्षं बस चालवली, सगळी जमिनीवरच. अकरा महिन्यांनी रिटायर. नंतर काय करायचं त्याची ही तयारी. फोमचं आहे, नवशिक्यांचं. ही त्याला बगळा म्हणते.

६ नोव्हेंबर
कम्प्युटरवर सराव. सात वेळा पडलं. तिथे पडलेलं विमान एका बटणाने उठतं, हे बरंय.

१० नोव्हेंबर, रविवार
मैदानावर पहिला दिवस. शिकवणाऱ्याला सगळे कॅप्टन म्हणतात. जन्मभर शिंपीकाम केलं, खऱ्या विमानात एकदाही बसलेले नाहीत! त्यांचा रिमोट आणि माझा रिमोट वायरने जोडलेले. त्यांनी बटण दाबून धरलं की विमान माझ्या हाती. सोडलं की त्यांच्या.

चार मिनिटं उडवलं. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. तिथे सगळ्यांची भंबेरी उडते. कॅप्टन म्हणाले, "जो पंख खाली जाईल त्याच बाजूला रिमोटची काडी ढकला. डोकं चालवू नका." हे मला जमण्यासारखं आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार
दोनदा हरवलं. दोन्ही वेळा डावीकडे वळताना. रिमोटकडे क्षणभर पाहिलं, मान वर केली तर आभाळ रिकामं! कॅप्टननी बटण सोडून वाचवलं. म्हणाले, "समोर तर होतं, राव."

२० नोव्हेंबर
चष्मा तपासून घेतला. नंबर तोच. पाटीवरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. म्हणजे दोष विमानाचाच. पंखांखाली लाल पट्ट्या चिकटवल्या.

२४ नोव्हेंबर, रविवार
लाल पट्ट्या कुचकामी. आज वायरशिवाय उडवलं. डावीकडे वळलं, नाहीसं झालं, मग फक्त आवाज आला. नाक चेपलं, पंखा मोडला. मी ओरडलो, "कॅप्टन, कुठे गेलात?" ते माझ्या डाव्या कोपराला खेटून! "पाच मिनिटं इथेच उभा आहे," म्हणाले.

मग मला म्हणाले, समोर बघत राहा. "किती बोटं?" "कुठली बोटं?" मी हसलो. ते हसले नाहीत. हात हळूहळू पुढे आणत गेले, माप घेतल्यासारखा. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा दिसला.

"उद्या बस बाहेर काढू नका."

डोकंच फिरलं माझं. विमान शिकवा म्हटलं होतं, वैद्यकी करा म्हटलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर
बस काढली. दुपारी डेपोत शिरताना डावा आरसा खांबाला घासून फुटला. दोन वर्षांतला तिसरा. मेकॅनिक म्हणाला, "काका, आरशांशी वैर आहे का तुमचं?" नेहमीसारखा हसलो नाही. अर्धी रजा टाकली आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावून आलो.

२६ नोव्हेंबर
यंत्रात तोंड घालून बसायचं, दिवा दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ दिवेच लागले नाहीत. यंत्र बिघडलंय असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. ते बिघडलेलं नव्हतं.

काचबिंदू. डावीकडचं बरंचसं गेलंय. समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून पाटी वाचता येते आणि पत्ता लागत नाही. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंब घालून सांभाळायचं. "गाडी चालवता का?" "बस चालवतो." त्यांनी पेन खाली ठेवलं.

हिला सांगितलं. हिने थेंबांची बाटली उघडून पाहिली. मग म्हणाली, "अहो, डेपोत सांगणार का?" म्हटलं, बघू. भीती वाटते आहे. इथे लिहायला काय हरकत आहे — खूप भीती वाटते आहे.

२७ नोव्हेंबर
मॅनेजरना बसची किल्ली आणि डॉक्टरांचा कागद दिला. कागद वाचून म्हणाले, "अकरा महिने तर राहिले होते! कुणाला कळलं असतं?" म्हटलं, बसमध्ये साठ माणसं असतात. मला टेबलाचं काम देणार आहेत.

उठता उठता एक जुनी फाईल मागितली. गेल्या वर्षीच्या मार्चची. वळणावर एक सायकलवाल्या बाई बसखाली येता येता वाचल्या, पाय मात्र चिरडला. चौकशीत मी लिहून दिलं होतं : सायकल अचानक आडवी आली. चूक त्यांची ठरली, मी निर्दोष. खोटं बोललो नव्हतो. मला तसंच दिसलं होतं.

वळण डावीकडचं होतं. फाईलमधून बाईंचा पत्ता उतरवून घेतला.

२९ नोव्हेंबर
जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "जाऊन या एकदा."

१ डिसेंबर, रविवार
गेलो. बाईंनी काठी टेकत दार उघडलं. मला ओळखलं. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी चूक माझीच हो. तुम्हाला उगाच चौकशीचा त्रास."

म्हटलं, "बाई, तुम्ही अचानक आला नव्हतात."