गेट उभंच असतं

बाबा, परवा लहान्यानं मला विचारलं, माझा पाय गेला कसा ते एकदा नीट सांग. साठी उलटली आता तुमच्या लहान्याची. इतकी वर्षं ज्या पायावर जगला तो चांगला पायही थकत चाललाय, कठड्याला धरल्याशिवाय जिना चढवत नाही. मी चहा टाकत होते आणि तो ओट्याला टेकून उभा. आवाज असा, की दुधाचा भाव विचारतोय. "दीदी, जिंदगीभर पोट्ट्यायले व्हायरस शिकवला तू. मलेच काहून नाही सांगितलं?" उद्या सांगते म्हणून मी टाळलं. घरातली अवघड गोष्ट आधी तुमच्या कानावर घालायची सवय अजून सुटलेली नाही, आणि तुम्ही तर कधीचे गेलात. शेवटी काल त्याला सगळं सांगितलं. काय सांगितलं ते तुम्हालाही कळावं म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही फॅक्टरीच्या गेटावर दरबान. आत जाणाऱ्याचं टोकन बघायचं, बाहेर पडणाऱ्याची झडती घ्यायची. तिथंच कामाला असलेल्या मामाचा डबासुद्धा सगळ्यांसमोर उघडायला लावलात, आणि आईनं अबोला धरला तेव्हा म्हणालात, "गेटावर मी कोणाचा जावई नाही." मी एम.एस्सी.ला होते तेव्हाची एक दुपार आठवते. दीक्षितपुऱ्यातल्या खोलीत तुम्ही मटार सोलताय, मी घोकंपट्टी करतेय. तुम्ही म्हणालात, मोठ्यानं वाच, मलेबी समजू दे. मी सांगितलं, शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं, त्याला भिंत असते आणि भिंतीत बारीक गेटं असतात. आतून कामाचे हुकूम बाहेर जातात, बाहेरून लागणारं सामान आत येतं, पासाशिवाय मोठं काही हलत नाही. तुमच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अच्छा. लहान्याच्या अंगातबी होते का हे गेटं?" होती म्हटलं. "मग तो व्हायरस आत घुसला कसा?" ते मला माहीत नव्हतं, माझ्या पुस्तकातही नव्हतं. मग तुम्ही एकदम खालच्या आवाजात विचारलंत, "सुईनं झालं का गं?" मी म्हणाले, नाही बाबा, व्हायरसनं झालं. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा मटार सोलायला लागलात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नंतर सापडलं, बाबा. तो आत घुसतच नाही. पोलिओचा व्हायरस आरएनएवाला, त्याचं सगळं काम केंद्रकाच्या बाहेरच चालतं. पण त्या गेटांच्या तोंडाशी धाग्यांसारखी प्रथिनं असतात, येणाऱ्याजाणाऱ्याचा पास तीच बघतात. हा मेला आपली कात्री घेऊन येतो आणि नेमके तेच धागे कापतो. गेट उभंच असतं, भिंतही शाबूत, पण पहारा उरत नाही. आतलं सामान बाहेर वाहून येतं आणि हा ते स्वतःच्या कामाला लावतो. पेशीचे हुकूम आतच अडकून पडतात, आत जायचं ते बाहेर ताटकळतं. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं. पायाला हलवणारी मज्जापेशी अशीच मरते, आणि ती पुन्हा येत नाही. वर्गात मी त्या धाग्यांना नेहमी दरबानच म्हणत आले. मुलं हसायची, मी हसू द्यायची.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर्गात मी कधी सांगितलं नाही. लहान्याला ताप आला त्या काळी आपल्या गल्लीत ताप म्हणजे सुई. नुसत्या गोळ्या देणाऱ्याला कोणी डॉक्टर मानत नसे. कंपाउंडर म्हणाला, थोडं थांबून बघा, पोराला नुसता ताप आहे. तुम्ही भडकलात. "गोळ्यानं काय होते? सुई लाव." ज्या बाजूला सुई टोचली, काही दिवसांत त्याच बाजूचा पाय लुळा पडला. पोलिओचा ताप अंगात असताना सुईनं स्नायू दुखावला, तर व्हायरसला नसेतून वर मज्जारज्जूकडं जायची वाट सोपी होते. हे मी तुम्ही गेल्यावर वाचलं. एका पोराबद्दल छातीठोक कोणीच सांगू शकत नाही, कदाचित तसाही गेला असता पाय. पण माझं तेव्हाचं "नाही" आता मलाच पक्कं वाटत नाही. आणि तुम्ही तरी ते कुठं मानलं होतंत? शेवटच्या आजारात डॉक्टरांनी सुई काढली की तुम्ही हात मागं घ्यायचात. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट. मी तर ओरडलेही होते तुमच्यावर.

काल महाराजपुरच्या घरी, गच्चीवर बसून लहान्याला हे सगळं सांगितलं. गेट, धागे, सुई, आणि सुईसाठी कोण अडून बसलं होतं तेही. वाटलं होतं तो चिडेल, निदान तुमचं नाव घेऊन काहीतरी कडू बोलेल. पण तो म्हणाला, "सायकलवर नेलं होतं का मले?" हो म्हटलं, दुसरं काय होतं आपल्याकडं. "मग तोच दिवस असन. लहानपणचं तेवढंच एक आठवते मले. दांड्यावर छोटी गादी बांधलेली, अन् मी दोन्ही पाय हलवून राहिलो. बाबा घडीघडी म्हणून राहिले, नको हलवू बेटा, पाय चाकात जाईन." एवढं बोलून तो हसला, आणि मग चांगल्या पायावर हात फिरवत बसला.

त्याचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचवावं म्हणूनच लिहायला घेतलं होतं. पण खरं सांगते, तुम्ही आज समोर मटार सोलत बसला असतात आणि पुन्हा तेच विचारलं असतंत, तर मी आजही नाहीच म्हणाले असते.