फ्लॉक्सचे बी आणि धाकटीचा वाटा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा फुलांचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाला न जुमानता लिहीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. हृदय कमजोर असल्याचेही त्यांनी त्यात लिहिले आहे; ते वाचून माझ्या नात्यातल्या निदान दोघांना आनंद होईल. याआधीची दोन मृत्युपत्रे मी रद्द करते. ती रागाच्या भरात लिहिली होती. हे थंड डोक्याने लिहिते आहे.

१. राहते घर मुलाला. फ्लॉक्स या माझ्या फुलझाडाचे रोप चार बोटे वाढले की त्याचा शेंडा खुडायचा असतो, म्हणजे फांद्या फुटतात आणि फुलांचे दांडे जास्त मिळतात. मुलाला वाढवताना मी हाच नियम पाळला. त्याला फांद्यांऐवजी पाय फुटले. वर्षातून एकदा येतो आणि वाफ्यांकडे बघून म्हणतो, "आई, इथे दोन गाड्या आरामात उभ्या राहतील." घराचे छप्पर गळते. कुठून गळते ते मी त्याला सांगणार नाही.

२. सुनेला मोठा आरसा द्यावा. तिला बघायला दुसरे काही आवडत नाही.

३. फुलवाल्याला काहीही देऊ नये. वीसेक वर्षे त्याने माझे दांडे "जरा आखूड आहेत" म्हणत, नाक मुरडत घेतले. शिवाय वकीलसाहेबांनी बजावले आहे की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याच्या नावाने काही लिहिले असले तरी ते बाद होते. तेव्हा फुलवाला साक्षीदार म्हणून बरा.

४. बाग, तिच्यातले चौदा वाफे, कात्र्या, बादल्या आणि बियांची बरणी भिंतीपलीकडे राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला. तिला ते मिळू शकले नाही तर मुलाला, म्हणजे गाड्यांना.

बरणीविषयी लिहिणे भाग आहे. फ्लॉक्सची पहिली पुडी आमच्या आईने आणली आणि मरताना धाकटीच्या हातात दिली. म्हणाली, "हिच्या हाताला गुण आहे." मी उशाशी उभी होते. आठ महिने आईचे आजारपण मी काढले होते. धाकटी रविवारी यायची.

पुडी आम्ही अर्धी अर्धी वाटून घेतली. पेरायचे कसे, ते धाकटीने मला विचारले. मी म्हणाले, "मातीवर नुसतं भुरभुर. झाकू नकोस, उजेड लागतो त्याला." खरे ते उलट आहे. हे बी रुजायला अंधार लागतो. नखाएवढ्या मातीखाली झाकायचे, ट्रे गार जागी ठेवून वर गोणपाट टाकायचे, आणि कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढायचे. मुळे दुखावलेली त्याला खपत नाहीत, म्हणून रोप लहान असतानाच वाफ्यात लावायचे. यातले एक अक्षर मी तिला कळू दिले नाही. पेरणीच्या दिवशी बियांच्या कोठीला आतून कडी घालत आले.

तिचे काहीच उगवले नाही. पुढची दोन वर्षे मी तिला माझ्या बरणीतले बी दिले, मोठ्या मनाने, चारचौघांदेखत. तिसऱ्या वर्षी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, "आईचा अंदाज चुकला गं." ती रडली. मला बरे वाटले, खोटे कशाला लिहू? तेव्हापासून तिने पेरणे सोडले आणि रोज सकाळी माझ्याकडे फुलांच्या तोड्याला येऊ लागली. गुच्छातली दोन-तीन फुले उमलली की दांडा कापायचा, खालची पाने काढायची, दांडे पाण्यात बुडवून ठेवायचे. बावीस वर्षे. एक कप चहा सोडून मी तिला काही दिले नाही.

५. माझ्यामागे वकीलसाहेबांनी हे मृत्युपत्र धाकटीसमोर मोठ्याने वाचावे. कलम चार दोनदा वाचावे. मग तिला दुसऱ्या साक्षीदाराची सही दाखवावी. ती तिचीच असेल. साक्षीदाराला मजकूर दाखवावा लागत नाही, हे मी विचारून घेतले आहे.

६. हे कलम सह्यांच्या आधी जोडत आहे. लिहायचे नव्हते.

धाकटी आत्ता ओल्या हातांनी आली. मी शेवटचे पान पुढे केले. पेन उचलून तिने विचारले, "ताई, साक्षीदाराला काही मिळत नाही ना?"

सहीसाठी आलेला फुलवाला जमिनीकडे बघू लागला. मी सहीची जागा बोटाने दाखवली.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला माझी बाग पुरते."

"कसली बाग?"

"तुझ्या फ्लॉक्सची बोंडं वाळली की तडकतात. बी उडून भिंतीपलीकडे येतं. पहिल्यांदा पाचोळ्याखाली उगवलं ना, तेव्हाच कळलं मला, अंधार लागतो ते. अठरा वर्षं झाली. याच्याच दुकानात जातात माझी फुलं. तू कधी भिंतीपलीकडे आलीस का?"

मी गेले नव्हते. मी विचारले, "मग रोज सकाळी इथे कशाला मरायला येत होतीस?"

"तुला दुसरं कोण होतं?"

पेन हातात धरून ती अजून उभी आहे. डॉक्टर दोन घरे सोडून राहतात. हिच्याऐवजी त्यांना साक्षीदार म्हणून बोलावले तर वाफे वाचतील. मी बोलावत नाही. वरच्या मजकुरातले एक अक्षरही बदलत नाही.

लिहून ठेवणारी: थोरली (सही)

साक्षीदार पहिला: फुलवाला (सही)

साक्षीदार दुसरी: धाकटी (सही, मजकूर न वाचता)

ठिकाण: बियांची कोठी
दिनांक: ९ मार्च, सकाळी, तोडा झाल्यावर